दुनळी मिटत नाही, काडतूस नीट बसत नाही: दर पावसाळ्यात उपटणारे दुखणे

नळ्या खाली वाकवून उघडायच्या दुनळी बंदुकीत एप्रिलमध्ये सुळकन आत जाणारे बारा बोअरचे काडतूस जुलैत अर्ध्यावर अडते (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद). नाहीतर आत पूर्ण जाते, पण बंदूक मिटत नाही. गोव्यातले सत्तरी, सांगे, डिचोली, काणकोण, जिथे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे आणि कुळागरात रानडुकरांचा धुमाकूळ आहे, तिथे पीक संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, हे त्याच्या वाट्याला कधी ना कधी आलेले असते. एखादे वर्ष बरे जाते, मग पुन्हा तेच. ते परत परत येते, कारण दर वेळी अंगठ्याने काडतूस दाबून किंवा नळ्या गुडघ्यावर आपटून वेळ मारून नेली जाते. अडते नेमके कुठे, हे बघायला कुणी थांबत नाही.

आधी जोर लावणे बंद. काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी असते आणि ती धक्क्याने पेटण्यासाठीच बनवलेली असते. बंदूक जबरदस्तीने मिटवताना मागची सपाट भिंत त्या बुडावर दाबली जाते. टोपी जराशी वर आलेली असेल, किंवा टोपीवर आपटणारी सुई, म्हणजे फायरिंग पिन, गंजामुळे पुढेच अडकून राहिली असेल, तर चापाला बोट न लावताही बार उडू शकतो, आणि तोही बंदूक धड मिटलेली नसताना. काडतुसाला तेल लावून आत सरकवण्याची युक्तीही सोडून द्या. बार उडताना काडतुसाचे नळकांडे फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या, भिंतीला धरते, तेलामुळे ती पकड सुटते आणि मागच्या भिंतीवर जास्त दाब येतो. वर तेल टोपीत झिरपले तर काडतूस फुसके निघते, ते वेगळेच.

तपासणी नळ्या बंदुकीपासून सोडवून करायची. बंदूक उघडा, दोन्ही चेंबर रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीने खात्री करा, पुढचे लाकूड काढा, नळ्या अलग करा. आता हातात फक्त दोन नळ्या आहेत. चाप नाही, पिन नाही. एकदा उजेडाकडे धरून आरपार बघा. हे न चुकता करा, कारण आपल्याकडे कुंभारमाशी नळीत मातीचे घर करते आणि खुंटीला टांगलेल्या बंदुकीला तिची पसंती जरा जास्तच असते. निवडणुकीच्या वेळी जमा करून परत आणलेल्या बंदुकीत तर आधी हेच बघावे. नळीत माती असताना बार काढला तर नळी फुटते, मग काडतूस बसते की नाही हा प्रश्नच उरत नाही.

नळ्या स्वच्छ दिसल्या की तोंड खाली करून जाड फडक्यावर उभ्या धरा आणि अडणारे काडतूस वरून चेंबरमध्ये अलगद सोडा. चांगले काडतूस स्वतःच्या वजनाने खाली जाते आणि त्याच्या बुडाची कडा खाचेत बसताना टक असा आवाज येतो. हे चेंबरच तुमचे माप. दुकानात मापाची उपकरणे मिळतात, पण ज्या बंदुकीत काडतूस वापरायचे तिच्या स्वतःच्या चेंबरइतके खरे माप दुसरे नाही.

मग अदलाबदल करा. अडणारे काडतूस दोन्ही नळ्यांत टाकून बघा आणि नव्या डब्यातले एखादे चांगले काडतूसही दोन्हींत टाकून बघा. जुने दोन्हीकडे अडते आणि नवे दोन्हीकडे जाते, तर दोष काडतुसाचा. नवेसुद्धा फक्त उजव्या नळीत अडते, तर दोष त्या चेंबरचा. दोन्ही काडतुसे दोन्ही नळ्यांत सुळकन जातात, कडा खाचेत पूर्ण बसते, टोपीही वर आलेली नसते, आणि तरीही बंदूक जोडल्यावर मिटत नाही, तर दोष काडतुसाचाही नाही आणि चेंबरचाही नाही. तो कळीत, पिनेत किंवा बिजागरीत आहे. पाच मिनिटांचे काम, पण एवढ्यात अर्धा निकाल लागतो, आणि हे न करताच लोक काडतुसांचा अख्खा डबा बदलून आणतात.

पुढची गोष्ट, काडतूस किती आत गेल्यावर अडते. जेमतेम तोंड आत जाऊन थांबते, तर आधी बोअर तपासा. हे हसण्यावारी नेऊ नका. १९६१ च्या आधीपासून, पोर्तुगीज काळापासून, घरात असलेल्या कितीतरी बंदुका बेल्जियम किंवा स्पेनमधल्या आहेत, आणि त्यांत सोळा बोअरच्याही असतात. आजोबांची बंदूक नातवाच्या नावावर झाली, आजोबांबरोबर ती माहितीही गेली आणि नातवाने बारा बोअरची काडतुसे आणली, असे होते. नळ्यांच्या खालच्या अंगाला, जिथे त्या बंदुकीवर टेकतात, तिथे बोअरचा आकडा कोरलेला असतो. परवान्यावरचा आकडाही त्याच्याशी पडताळून पाहा.

बोअर बरोबर आहे आणि तरी काडतूस अर्ध्यावर अडते, तर नळकांडे फुगलेले किंवा चेपलेले आहे. कागदी नळकांड्याची जुनी काडतुसे दमट हवेत सुजतात. मेणाचा थर एकदा उडाला की कागद पाणी ओढतो, आणि वाळपई-सांग्याकडे पाऊस जिथे इंचांची शंभरी सहज ओलांडतो, तिथे त्याला ओढायला पाण्याचा काय तुटवडा! प्लॅस्टिकचे नळकांडे पाण्याने फुगत नाही, पण ते चेपून लांबट गोल होते. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली तापत पडलेला डबा, किंवा पट्ट्यात कोंबून वर वजन ठेवलेली काडतुसे, यांचे असे होते. टेबलावर काडतूस हळूच गरगरवा. गोल असेल तर एकसारखे गडगडते, चेपलेले असेल तर अडखळत जाते. तोंडाची घडी सुटून तिथली कड बाहेर आली असेल तरीही ते तिथेच अडते. या सगळ्यावर दुरुस्ती नाही. सुजलेले काडतूस उन्हात वाळवले की मापात येते खरे, पण आतल्या दारूने आणि गुट्ट्यांनी (दारू आणि छर्ऱ्यांमधल्या बुचांनी) ओढलेले पाणी तसेच राहते. सोलां (कोकमाच्या साली) वाळवायच्या मांडवावर काडतुसे मांडलेली मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका.

नळकांडे आत गेले आणि शेवटच्या बोटभर अंतरावर घट्ट झाले, तर बुडाकडे बघा. ते पितळी दिसते, पण लोहचुंबक लावून पाहा. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पितळेचा मुलामा. मुलामा जिथे घासला गेला तिथून गंज सुरू होतो. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून कागदाच्या जाडीएवढा थरही बुडाला चेंबरमध्ये शिरू देत नाही. खरे पितळ असले तरी सुटका नाही. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने राहिलेल्या काडतुसांवर हिरवट कीट चढते, कारण कमावलेल्या चामड्यातली आम्ले पितळ खातात. पट्टा रानात फिरताना वापरायचा, साठवणीला नाही. वरवरचा हिरवा डाग कोरड्या फडक्याने निघाला आणि खाली धातू गुळगुळीत असला तर काडतूस चालेल. नखाला खड्डे लागले, किंवा टोपीभोवती हिरवी कड दिसली, तर ते बाजूला काढा.

नेमके कुठे घासते हे कळत नसेल तर काळे मार्कर घ्या. बुडापासून नळकांड्याच्या निम्म्यापर्यंत काडतूस रंगवा, वाळू द्या, सुटवलेल्या नळीत अडेल तिथपर्यंत सोडा आणि सरळ मागे काढा. जिथे शाई पुसली तिथे घासते आहे. बुडाभोवती बारीक पूर्ण वर्तुळ उमटले तर तिथे घेर वाढलाय. एकाच बाजूला ओरखडा असेल तर चेंबरमध्ये त्या जागी काहीतरी उंचवटा आहे. काडतूस फिरवून पुन्हा घाला. ओरखडा नळीच्या त्याच जागी आला तर चेंबर, काडतुसाबरोबर फिरला तर काडतूस. नंतर शाई पुसून टाका.

चेंबरमधला उंचवटा बहुतेक वेळा गंजच असतो, आणि तो कसा आला हे त्याच्या जागेवरून ओळखता येते. बुडाच्या उंचीवर गोल कडे दिसले तर बंदूक भरून ठेवण्याची सवय आहे हे समजावे. डुक्कर कधी येईल नेम नाही म्हणून रात्रभर काडतुसे आत, बंदूक दाराआड. आत ओल कोंडते आणि बूड व चेंबर एकमेकांना गंजवतात. घरात पोरे असताना भरलेली बंदूक दाराआड ठेवणाऱ्याला काय म्हणावे ते मी इथे लिहीत नाही. गंज सगळीकडे बारीक पसरलेला असेल तर खाऱ्या हवेचा किंवा जुन्या टोप्यांचा परिणाम. जुन्या पद्धतीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचे. ते जळून मागे क्षार राहतो, तो मिठासारखाच हवेतले पाणी खेचतो आणि बार काढल्यावर नळी पुसली नाही तर काही दिवसांत तांबूस पडते. आजकालच्या टोप्यांत हा त्रास नाही, पण जुना साठा अजून लोकांकडे असतो.

वरवरचा गंज आणि प्लॅस्टिकचे जळके अवशेष पितळी तारेच्या चेंबर ब्रशने निघतात. बंदुकीचे साफ करायचे द्रावण लावा, थोडा वेळ मुरू द्या, ब्रश फिरवा, मग चिंधी कोरडी येईपर्यंत पुसा. रॉकेलनेही मळ सुटतो, जुनी माणसे तेच वापरायची, फक्त नंतर ते पूर्ण पुसले पाहिजे. सँडपेपर चेंबरमध्ये अजिबात घालू नका. चेंबर जरा जरी मोठे किंवा ओरखडलेले झाले की उडवलेले काडतूस तिथे फुगून रुतते आणि निघता निघत नाही. एक दुखणे बरे करताना दुसरे कायमचे मागे लागते. खड्डे पडलेले असतील तर ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचेच.

आता सगळ्यात जास्त वेळा आढळणारा प्रकार: काडतूस पूर्ण आत जाते, पण कडा किंचित वर राहते आणि बंदूक मिटत नाही. यात काडतुसाला दोष देण्याआधी एक्स्ट्रॅक्टर बघा, म्हणजे बंदूक उघडताना काडतुसे मागे ढकलणारा दोन नळ्यांमधला तो तुकडा. डिचोलीकडच्या एका काकांनी त्यांची दुनळी आणून दाखवली. “अरे भाऊ, डबा बदलला, दुकान बदलले, तरी मिटत नाही रे,” त्यांची तक्रार. नळ्या सुटवल्या. काडतुसाशिवायच एक्स्ट्रॅक्टर अंगठ्याने दाबला, तर तो नळ्यांच्या पातळीत बसेना, नखाएवढा वर. त्याच्या पाठीमागच्या खाचेत पिवळट, मेणचट थर होता. त्यात गवताचे कुसळ आणि न जळलेल्या दारूचे दाणे रुतलेले. टूथब्रश आणि बांबूची काडी घेऊन तो थर खरवडला, खाच पुसली, आणि तीच “खराब” काडतुसे टक टक बसली.

तो थर खोबरेल तेलाचा. घाण्याचे तेल घरचे, म्हणून सगळ्याला तेच: केसांना, दाराच्या बिजागरीला आणि बंदुकीलाही. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते. डिसेंबरात सत्तरीतल्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली जातो, तेव्हा खाचेत तुपासारखा गोळा होतो. उन्हाळ्यात पातळ होऊन धूळ धरतो, खवट होतो, आणि पावसाळ्यात दाराशी डुक्कर आले की बंदूक मिटत नाही. बंदुकीला शिवणयंत्राचे किंवा बंदुकीचेच खनिज तेल वापरा, तेही थेंबभर, आणि वापरण्याआधी चेंबर कोरडे पुसून घ्या.

एक्स्ट्रॅक्टर साफ आहे, कडेची खाच साफ आहे, तरी कडा वर राहते, तर काडतुसाची कडाच जाड असू शकते. बारा बोअरचे काडतूस चेंबरमध्ये त्याच्या कडेवरच टेकते, सगळा हिशोब त्या दीड-दोन मिलिमीटरच्या कडेचा. व्हर्नियर असेल तर चांगल्या आणि अडणाऱ्या काडतुसांच्या कडा मोजून पाहा. नसेल तर दोन्ही सपाट काचेवर बुडावर उभी करून कडांची उंची डोळ्यांनी ताडा. एका खेपेतली काडतुसे थोडी जाड निघतात आणि जुन्या, घट्ट बसवणीच्या बंदुकीत नेमकी तीच अडतात. काडतूस घासून बारीक करायचे नाही. डबा दुकानदाराला दाखवायचा.

कडा खाचेत बरोबर बसली, बुडावर बोट फिरवले आणि मधली टोपी बोटाला लागली, तर तिथेच थांबा. टोपी बुडाच्या पातळीत किंवा किंचित खाली असते. वर आलेली टोपी असलेले काडतूस बंदुकीत घालायचेच नाही. आणि टोपीही ठीक आहे, पण बंदूक मिटत नाही, तर सुटवलेल्या बंदुकीच्या मागच्या भिंतीकडे बघा. दोन भोकांतून पिनेचे टोक बाहेर डोकावत असेल तर पिन अडकलेली आहे. ही बंदूक दुरुस्तीवाल्याने बघेपर्यंत भरायची नाही.

आतापर्यंत न बसणाऱ्या काडतुसाचे झाले. मला जास्त भीती वाटते ती सहज बसणाऱ्याची. जुन्या युरोपियन बंदुकांचे चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते, अलीकडच्या बहुतेकांचे ७०. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उलगडल्यानंतरची. घडीच्या तोंडाचे ७० चे काडतूस न उडवलेले मोजले तर ६० च्या आतबाहेरच भरते, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये मुळीच अडत नाही. बार उडाला की घडी चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उलगडते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. जुन्या नळ्यांना तो पेलेलच असे नाही. नळ्यांच्या खालच्या अंगाला ६५ किंवा ७० चा आकडा आहे का बघा. इंग्रजी बंदूक असेल तर अडीच इंच म्हणजे ६५ आणि पावणेतीन म्हणजे ७०. आकडा सापडला नाही तर दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या. वीस बोअरचे काडतूस तर याहून वाईट. ते बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घरंगळते आणि निमुळत्या भागाशी अडकून बसते. वरून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते, तो मागून बारा बोअरचे घालतो, आणि नळी हातात फुटते. दोन बोअरची काडतुसे एका खिशात ठेवू नका.

आंतरजालावर याबद्दल शोधले तर रायफलच्या हाताने भरलेल्या काडतुसांवरचे सल्ले जास्त सापडतात, आणि ते वाचून लोक गोंधळतात. तिथली कारणे वेगळी. रायफलचे काडतूस बाटलीच्या आकाराचे. एकदा उडवलेले पितळ चेंबरएवढे फुगते, आणि पुन्हा भरताना साच्यात पूर्ण दाबून त्याचा खांदा किंचित मागे सारला नाही तर ते बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करू देत नाही. दर वेळी पितळ लांबीतही वाढते, म्हणून मान कापून मापात आणावी लागते. गोळी जास्त बाहेर राहिली तर ती नळीतल्या आट्यांना (आतल्या पीळदार खाचांना) आधीच टेकते. तोंड जास्त आवळले तर त्याच्या मागे खांदा फुगतो. ते चेंबरमध्ये अडले तर शोध याच क्रमाने घेतात, आणि मार्करची युक्ती तिथेही चालते. आपल्या गुळगुळीत नळीच्या दुनळीला खांदा नाही आणि आटेही नाहीत, म्हणून कारखान्यात भरलेल्या काडतुसांना ही कारणे लागू नाहीत.

उरली घरी भरलेली काडतुसे. आजोबांच्या पेटीत अख्ख्या पितळेच्या, पुन्हा पुन्हा भरलेल्या काडतुसांचा गठ्ठा अजून सापडतो. ती अडण्याचे कारण रायफलसारखेच: पितळ ज्या बंदुकीत उडले तिच्या चेंबरएवढे फुगलेले असते, दुसऱ्या बंदुकीत जात नाही. ती बसवायच्या भानगडीत पडू नका. आत काळी दारू आहे की धूर न करणारी, आणि किती, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे, आणि बंदूक दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो. साफसफाई तुमची, कानस आणि स्क्रू परवानाधारकाचे. अशी जुनी किंवा वर सांगितलेली बाद काडतुसे विहिरीत किंवा ओहोळात टाकू नका, भाटात, म्हणजे बागेत, पुरूही नका. परवाना दाखवून बंदुकांच्या दुकानात किंवा पोलीस ठाण्यात जमा करा आणि लेखी पोच घ्या.

साठवणीचे थोडक्यात. रबराच्या कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा बंदुकीपासून वेगळ्या कुलपात. पुड्या दर महिन्याला बदला किंवा तव्यावर कोरड्या करा, पण काडतुसांपासून लांब, दुसऱ्या खोलीत. चुलीवरच्या माळ्यावर काडतुसे ठेवू नका. तिथे कोरडे असते खरे, पण उष्णतेने दारू खराब होते, शिवाय खाली विस्तव. डब्यावर खरेदीचा महिना लिहा आणि जुनी आधी वापरा. बंदूक कापडी किंवा फोमच्या पिशवीत पावसाळाभर बंद ठेवू नका, पिशवी ओल धरून ठेवते. आगोटीच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटी, नळ्या सुटवून प्रत्येक काडतूस दोन्ही चेंबरमध्ये एकदा टाकून बघा. अडले ते तेव्हाच बाजूला काढा.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना नुसते “मिटत नाही” सांगू नका. कुठल्या नळीत, किती आत गेल्यावर, नवे काडतूस जाते का, शाई कुठे पुसली, एवढे सांगा. काडतुसे सोबत नेण्याआधी दुकानात फोन करून विचारा आणि परवाना खिशात ठेवा.